दहाची पेंढी

१२ सप्टेंबर

आज शाळेत आलं ते असं : अठरा टॅब्लेट, कानाला लावायचे अठरा फोन (त्यातला एक एका कानाने मुका), एक प्रिंटर, एक लोखंडी कपाट, आणि प्रांताच्या कार्यालयातला एक पोरसवदा साहेब. साहेब दीड तास बोलला आणि दोन ताटं उकडलेला मका डुकराच्या मटणाशी खाऊन गेला. वस्तू सरकारच्या. आमचा खर्च : कपाटाला कुलूप चार डॉलर, प्रिंटरचा कागद साडेतीन, साहेबाचं जेवण पाच. दुसरं ताट मी हिशेबात धरलं नाही, ते सरपंचांनी द्यावं.

पालकांच्या मंडळाची खजिनदार मी. कारण शाळा शेवटपर्यंत शिकलेली आणि घरात रिकामी बसलेली गावात मी एकटीच, असं लोकांचं मत. रिकामी! घर, गाय, टोप्या विणणं आणि नवऱ्याची बोलणी, एवढंच आपलं.

टॅब्लेटात एक कार्यक्रम आहे, मागे राहिलेल्या पोरांना वर काढायचा. पोर जिथे अडतं तिथेच तो त्याला बसवतो, पुन्हापुन्हा विचारतो, रागावत नाही. उत्तर बरोबर आलं की किंदे पक्षी एक फांदी वर चढतो. आपल्या कुंपणात फुलावर उभ्याउभ्या उडतो तोच किंदे, इवलासा. शेंड्याला पोचला की पोर मागे नाही.

"मारत नाही म्हणता?" एका बाईने विचारलं.

"नाही हो," साहेब म्हणाला.

"मग शिकवतो कसा?"

सगळे हसले. मीही हसले, पण आमची आरासेली त्या यादीत आहे.

२० सप्टेंबर

सोळा पोरं निवडली. आरासेलीचं नाव चौथं. नातीला नऊ वर्षं झाली, चौथीत आहे, वाचते बरी, पण वजाबाकीत हमखास पडते. बावन्नातून सत्तावीस गेले की तिच्याकडे पस्तीस उरतात. लहान आकडा मोठ्यातून काढायचा, मग तो वर असो की खाली, हा तिचा कायदा.

रात्री टोपीचं गवत घेऊन बसवली. दहा काड्यांची एक अशा पाच पेंढ्या बांधल्या, दोन काड्या सुट्या ठेवल्या. म्हटलं, "आता यातून सत्तावीस दे मला." तिने दोन पेंढ्या दिल्या, दोन काड्या दिल्या आणि बघत बसली.

"अगं, एक पेंढी सोड ना."

"नको आजी. सोडली की पुन्हा तशी बांधता येत नाही."

माझी बांधणी मोडेल म्हणून ती घाबरते. केवढी ती माया आणि केवढा तो अडाणीपणा. मी हात धरून सोडवायला हवी होती, पण तिच्या आईने, माझ्या एल्साने, जेवायला हाक मारली आणि ते राहिलं.

७ ऑक्टोबर

आता दर शुक्रवारी शाळेची शिक्षिका, सेन्योरिता लोर्हिया, सोळा ओळींचा एक कागद छापून देते. नाव, दिवस, वेळ, किती मिनिटं, किती बरोबर, किती चूक, आणि चुका कोणत्या. तो मी मंडळाच्या वहीत चिकटवते. एवढा चोख हिशेब मी कुणाचाच पाहिलेला नाही, सरपंचांचा तर नाहीच.

सेन्योरिता वयाने एल्साएवढीच. एकटीने चार इयत्ता सांभाळते, दुपारी मक्याचे दाणे मुठीत घेऊन उभ्यानेच खाते. आज म्हणाली, "दोन्या देल्फिना, दर आठवड्याला पंधरा ओळी तरी भरलेल्या दिसायला हव्यात. नाहीतर कार्यालय सगळं उचलून दुसऱ्या शाळेला देणार. सोळा पोरं आहेत, म्हणजे एकच जास्तीचं."

"एक जास्तीचं पुरेल हो."

"या गावात?" ती म्हणाली. दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं घर बंद होऊन चोरवाटेने उत्तरेला कामाला जातं, हे तिला सांगायला नको.

लहान पोरांना अक्षरांची खूण जमत नाही म्हणून चित्रांची दिली आहे. तीन चित्रं ओळीने दाबली की पक्षी दार उघडतो. आमच्या आरासेली बाईसाहेबांची बदक, किल्ली, चंद्र. कुणाला सांगायची नसते, म्हणून तिने ती आख्ख्या घराला सांगितली. गायीलाही.

सेगुंदो म्हणाले, "हिशेब करणारा पक्षी! उद्या कोंबडी येईल दाखले द्यायला."

नवऱ्याला कशातच श्रद्धा नाही, चर्चमध्येसुद्धा दाराजवळ उभे राहतात.

२८ डिसेंबर

एल्साने जायचं ठरवलं. जानेवारीत. पोरीला घेऊन.

मी म्हटलं, पोरीला ठेव. ती म्हणाली, "आई, तू मला ठेवलं असतंस का?"

मग म्हणाली, "तिथे प्रत्येक पोराला टॅब्लेट असतो. इथे अठरांत एक मुका. तिथे सुधारेल ती." आणि मी गप्प बसले. तेवढ्यावर गप्प बसले, हे इथे लिहून ठेवते, कारण पाद्र्यापुढे मी ते नीट सांगू शकले नाही. बरोबरीच्या चार पोरी फांद्या चढून गेल्या होत्या, आमची तिसऱ्याच फांदीवर होती. मला लाज वाटत होती.

९ जानेवारी

पहाटे चारला गेल्या. स्वेटरच्या आतल्या शिवणीत मी दोन वस्तू शिवल्या : आमच्या चर्चमधल्या ढगातल्या मातेचं पदक, आणि मेणकापडात गुंडाळलेला कागद. कागदावर बदक, किल्ली, चंद्र काढले, खाली कार्यक्रमाचं नाव आणि आमचं नाव-गाव. सांगितलं, "जिथे टॅब्लेट दिसेल, फोन दिसेल, तिथे हे दाब. अभ्यास सोडू नकोस. मी इथे वहीत बघेन."

"मी कुठून केलं ते कळेल तुला?"

"कधी केलं ते कळेल."

"आणि चुकलं तर?"

"तेही कळेल."

"मग नाही करणार," म्हणाली आणि हसली. पुढचा एक दात नाही.

१९ जानेवारी

एल्साचा फोन. कोलंबियातला कुठलासा किनारा, जिथून होड्या निघतात. मागे लाटा आणि माणसांचा गलका. उद्या होडी, मग सहा दिवस जंगल, असं म्हणाली. आरासेली म्हणाली, "आजी, समुद्र बघितला, खारट आहे, खरंच." मी मोजे कोरडे ठेवायला सांगितलं.

बातमी येईपर्यंत साखर सोडली आहे.

३ फेब्रुवारी

बातमी नाही. पंधरा दिवस झाले.

शाळेत पालकांची सभा. यादीतला क्लेबेर डिसेंबरात उत्तरेला गेला, मग आमची, आणि आता तेनेसाकांची धाकटी. तेरा ओळी उरल्या. कार्यालयाचं पत्र आलं आहे : दोन आठवड्यांत पंधरा नाहीत तर गाडी पाठवू. सेन्योरिताने पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडली.

एक जण म्हणाला, "न्या म्हणावं. पोरंच जातायत तर पेट्या कशाला?"

"आणि जी तेरा आहेत ती?" सेन्योरिता म्हणाली. "त्यांचं काय करू? पुन्हा मागच्या बाकावर बसवू?" आवाज चढला होता. मग माफी मागून खाली बसली.

आरासेलीच्या ओळीत चार आठवडे शून्य. मी ती ओळ पुसू दिलेली नाही.

१० फेब्रुवारी

माते, तुझी लेकरं आम्ही.

आज कागद आला. मी सवयीने वरून वाचत गेले, आणि चौथी ओळ. आरासेली. मंगळवार, दहा वाजून आठ मिनिटं. अठरा मिनिटं बसली. वीस गणितं, चौदा बरोबर, सहा चूक. आणि चुकांमध्ये, बावन्न वजा सत्तावीस, उत्तर पस्तीस.

पस्तीस! जगात दुसऱ्या कुणाचं हे उत्तर येईल? मी कागद घेऊन शेतात धावले. चपला घरी राहिल्या. "जिवंत आहे! अहो, पोर जिवंत आहे, चुकतेय अजून!"

सेगुंदोंनी कागद उलटासुलटा केला, वासही घेतला. "कुठून पण?"

"ते नाही लिहीत तो. पण कागद शिवला होता ना मी? त्यावरूनच केलं तिने."

ओळी बरोब्बर पंधरा भरल्या आहेत. क्लेबेरचीही. मातेने एका हाताने दोन कामं केली : पोरगी दाखवली आणि शाळाही राखली. धावत जाऊन सेन्योरिताला मिठी मारली. ती दगडासारखी उभी राहिली. मग म्हणाली, "दोन्या देल्फिना, तुम्ही तो कागद इतका बघता हे..." आणि पुढचं राहिलं, रडायला लागली. किती जीव लावते पोरांना.

आख्खी मेणबत्ती लावली. साखर मात्र अजून नाही. बातमी म्हणजे आवाज, असा नवस होता.

२४ फेब्रुवारी

आरासेली या आठवड्यात बुधवार ते शुक्रवार बसली. सोमवार-मंगळवार नाही. कार्निव्हल होता ना. म्हणजे जिथे आहे तिथेही सण पाळतात, चांगल्या माणसांत आहे. वेळ नेहमी तीच, दहा ते साडेदहाच्या आत. आपल्याकडे तेव्हा मधली सुट्टी असते. तिथे किती वाजत असतील देव जाणे.

बाजारात क्लेबेरची आई भेटली. म्हटलं, तुझा पोरगा मन लावून करतो हो. ती म्हणाली, "कोण, क्लेबेर? तो तर म्हणतो तिथे गेल्यापासून टॅब्लेटला हात नाही. बर्फात लोळतो नुसता." मी सेन्योरिताला सांगितलं, पोरं आयांशी कशी खोटं बोलतात बघा. तिने पोरांच्या वह्या उचलून कपाटात ठेवल्या.

३ मार्च

क्लेबेरची ओळ बंद. तेनेसाकांच्या धाकटीची सुरू. एक आळशी झाला की दुसरं पोर जागं होतं. पुन्हा पंधराच.

१७ मार्च

शेजारच्या लुस मारियाचा भाचा जंगलात एल्साच्याच गटात होता. त्याचा मेक्सिकोतून फोन आला. लुस मारियाने मला बोलावलं, खुर्ची दिली, अंगणात गेली.

पोरगा म्हणाला, तिसऱ्या दिवशी आरासेलीला ताप भरला. पायांना फोड. एल्सा म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, आम्ही नदीकाठी रात्रभर थांबतो, सकाळी गाठू. रात्री पाऊस झाला. सकाळी पुढे गेलेल्या गटाने वाट बघितली. नदी फार मोठी झाली होती, आई. आम्ही थांबलो असतो, पण वाटाड्या थांबेना. हे सगळं त्याने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा रडत.

मी विचारलं, कोणती तारीख?

म्हणाला, तेवीस-चोवीस जानेवारी.

मग मी त्याला धीर दिला. म्हटलं, बाळा, तू मनाला लावून घेऊ नकोस. या मंगळवारी, चौदा मार्चला, तिने बावीस गणितं केली आहेत. माझ्याकडे छापील कागद आहे.

फोनवर त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, "बरं आई."

घरी येऊन वही काढली, सगळ्या ओळी पहिल्यापासून वाचल्या. त्या पोराने फक्त पाऊस पाहिला. माझ्याकडे आकडे आहेत.

आज टोपी विणली नाही.

३१ मार्च

सेगुंदो चार दिवस शाळेचं कुंपण बांधतायत. पालकांची पाळी आहे. आज जेवले नाहीत. गायीपाशी जाऊन बसले. मी ताट घेऊन गेले.

"मधल्या सुट्टीत," म्हणाले, "पोरं बाहेर खेळतात, आणि ती सेन्योरिता त्या खोलीत एकटीच बसते. दार लावून. खिडकीतून दिसलं. कानाला फोन, समोर टॅब्लेट, आणि बोटांवर मोजते. पोरांसारखी."

"बिचारी. जेवायची सुद्धा सुट्टी नाही तिला."

ते माझ्याकडे बघत राहिले. बेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी बघितलं नव्हतं त्यांनी. वाटलं, यांनाही ताप आहे की काय. कपाळाला हात लावला, तर माझा हात तिथेच धरून ठेवला.

"देल्फिना."

"काय?"

"काही नाही. मका चांगला शिजलाय."

२१ एप्रिल

देवाने माझं एक मागणं ऐकलं, यांना श्रद्धा दिली. आता शुक्रवार आला की मी पाय ठेवायच्या आत विचारतात, "पोरीचा पक्षी कुठवर गेला?" अकरावी फांदी म्हटलं की मान डोलावतात. काल तर शाळेत सेन्योरिताला अर्धं चीज नेऊन दिलं, आपणहून! हा माणूस बहिणीलाही चीज विकतच देतो. म्हटलं, काय बोललात तिच्याशी? म्हणाले, "काही नाही. म्हटलं, सांभाळून करा."

आठवडाभर सेन्योरिता घशाने आजारी होती. दोन दिवस शाळा बंद. आरासेलीच्या ओळीतही दोन दिवस कोरे. तिलाही घसाच धरला असेल. लहानपणापासून तिचा घसा कच्चा.

१२ मे

आज धीर करून विचारलं, त्या पक्ष्याबरोबर निरोप धाडता येतो का? सेन्योरिता म्हणाली, नाही, त्याला फक्त गणितं कळतात.

मग मी म्हटलं, निदान त्याला एवढं सांगा की पोरीला पेंढी सोडायची भीती वाटते. दहाची पेंढी सोडली की पुन्हा बांधता येत नाही असं तिला वाटतं. म्हणून पस्तीस येतात. तिला कुणीतरी सांगायला हवं की सोड, आजी रागावणार नाही. ते माझ्या हातून राहिलं.

सेन्योरिता खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. म्हणाली, "काड्या कशा बांधायच्या?" मी पिशवीतल्या गवताची एक पेंढी बांधून दाखवली. ती तिने ठेवून घेतली.

२ जून

बावन्न वजा सत्तावीस. पंचवीस.

त्रेसष्ट वजा अठ्ठावीस, पस्तीस. आता हा पस्तीस बरोबर आहे. एकही चूक नाही. गुरुवारी दहा वाजून चौदा मिनिटांनी माझ्या नातीने पेंढी सोडली.

आनंद व्हायला हवा. झाला, नाही असं नाही. पण कागद चिकटवताना हात अडला. चुका होत्या तोवर ती ओळ तिच्या तोंडासारखी होती, पडक्या दातासकट. आता ती ओळ कुणाचीही असू शकते. हा पापी विचार आहे, उद्या पाद्र्याला सांगेन.

यांना सांगितलं. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मग शिकली."

२३ जून

वर्ष संपलं. सेन्योरिताची बदली झाली, डोंगराच्या पलीकडे, दोन बस बदलून जावं लागतं, फोनही लागत नाही. संध्याकाळी घरी आली. हातात जाड कागदावर छापलेलं प्रमाणपत्र : किंदे पक्षी शेंड्यावर, खाली आरासेलीचं पूर्ण नाव. ती आता मागे नाही, पुढे तिला मदतीची गरज नाही.

मी कॉफी ठेवली. तिने कपाला तोंड लावलं नाही.

"दोन्या देल्फिना, आरासेलीबद्दल मला तुम्हाला..."

"कळतं हो मला," मी म्हटलं. "तुमच्याही जिवाला लागलंय. रडू नका. जिथे आहे तिथे सुखरूप आहे, नाहीतर असा अभ्यास झाला असता?"

ती यांच्याकडे बघायला लागली. हे म्हणाले, "कॉफी गार होतेय, सेन्योरिता." मग स्वतः उठून तिला बसपर्यंत पोचवायला गेले. मी एक टोपी दिली, सर्वांत बारीक विणीची, विकायला ठेवलेली. पैसे देत होती. वेडी आहे का, म्हटलं.

ती गेल्यावर शेवटचा कागद बघितला. पंधरा ओळी नाहीत, चौदा आहेत. विचारायला कुणी नाही. मग प्रमाणपत्राखालची बारीक अक्षरं वाचली : शेंड्याला पोचलेल्या मुलाचं नाव यादीतून आपोआप निघतं.

७ जुलै

दोन शुक्रवार गेले. वही उघडून बसते आणि बंद करते. आज सेन्योरिताला पत्र लिहिलं. टपाल तर इथे येतच नाही, पण सकाळची बस डोंगरापलीकडे जाते, ड्रायव्हर ओळखीचा आहे.

हे म्हणाले, "नको पाठवूस. त्रास होईल."

"कुणाला?"

"दोघींना."

पण पत्र घेऊन स्वतःच रस्त्यावर जाऊन उभे आहेत, टोपी हातात धरून. पत्राची नक्कल इथे ठेवते.

सेन्योरिता लोर्हिया, देव तुमचं भलं करो. प्रमाणपत्र मातेच्या तसबिरीखाली लावलं आहे. पण त्यामुळे पोरीचं नाव यादीतून गेलं आणि आता ती बसते की नाही हे मला कळत नाही. तुम्हाला यंत्रातलं समजतं, म्हणून विचारते : तिला पुन्हा मागे टाकता येईल का? तिला सगळं येत नाही हो. भागाकार तर मुळीच येत नाही, मी शपथेवर सांगते. घड्याळही नीट वाचत नाही. शेंड्यावरून तिला खालच्या फांदीवर आणा, अगदी पहिल्या फांदीवर आणलीत तरी चालेल, पस्तीस लिहू द्या तिला. आणि ते होत नसेल, तर एवढंच कळवा की ती शेवटची कोणत्या दिवशी बसली आणि तेव्हा बसली ती तीच होती. दुसरं काही विचारणार नाही. ड्रायव्हर दोन वाजता तुमच्या शाळेपाशी गाडी वळवतो, त्याला थांबायला सांगितलं आहे. एक ओळ पुरे. त्याच बसने उलट निरोप पाठवा.